हिरवा दिवा आणि तिसरी डिस्क

गोंदिया शहराच्या कडेला एका शाळेची मागची खोली पक्षी पाहणाऱ्या मंडळींना वापरायला मिळाली होती. मंडळींत मास्तर होते, धानाचे शेतकरी होते, कॉलेजची पोरं होती, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते. या गोष्टीतल्या कोणालाच नाव नाही, बोधकथेत ते लागतही नाही. तलाव, सारस आणि यंत्राचे गुणदोष मात्र जसे आहेत तसेच सांगितले आहेत.

मंडळींचं सगळं धन त्या खोलीत होतं. तलावांचे, पाखरांचे, घरट्यांचे फोटो. सर्वांत जुन्या स्लाइडवर ठिकाण म्हणून ‘जिल्हा भंडारा’ लिहिलेलं, कारण १ मे १९९९ च्या आधी गोंदिया जिल्हा नव्हताच. त्या स्लाइड स्कॅन करून ठेवल्या होत्या. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि फोटोंना गणतीच उरली नाही. सारसाच्या जोडीनं कोणत्या गावच्या कोणत्या बांधीत घरटं केलं, अंडी किती, पिल्लं किती जगली, सगळं तारखेसकट. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि अलीकडच्या वर्षांत त्याची इथली संख्या चाळिशीच्या आत राहिली आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाच्या संवर्धनाचा विषय स्वतःहून हाती घेतला. तेव्हापासून ‘ही जोडी दहा वर्षांपूर्वी कुठं घरटं करत होती’ असल्या प्रश्नांना वजन आलं. पाखरं इतकी थोडी असली की एकेक जुना फोटो म्हणजे पुरावा असतो. तो गेला तर पुन्हा काढता येत नाही.

हा ठेवा एका काळ्या डब्यात होता. डब्यात आठ डिस्क, प्रत्येकी ४ टेराबाइटची. वर्गणी काढून एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या. डिस्क अशा एकत्र जुंपायची कल्पना १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क घ्यायच्या, माहिती त्यांच्यात वाटून ठेवायची, आणि बरोबर थोडा जादा हिशेबही ठेवायचा. एखादी डिस्क मेलीच, तर उरलेल्या डिस्क आणि तो हिशेब यांवरून तिच्यातलं अक्षर न् अक्षर परत काढता येतं. या मांडणीला ‘रेड’ म्हणतात. मंडळींच्या डब्यात एका डिस्कचा मृत्यू सोसायची सोय होती. दोघींचा नव्हती.

डब्याच्या दर्शनी भागावर एक दिवा होता. मंडळींचे प्रमुख म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी सकाळी फिरून येताना खोली उघडत, दिवा हिरवा दिसला की समाधानानं कुलूप लावत. वर्षानुवर्षं तो हिरवाच होता.

मे महिन्यात, जूनमधली सारस मोजणी तोंडावर आली तेव्हा, जुन्या घरट्यांची गावनिहाय यादी करायचं ठरलं. डबा सांभाळणारा कॉलेजचा पोरगा जुने फोल्डर उघडायला बसला. नवे फोटो पटकन उघडत. जुन्यांपैकी काही मात्र मिनिट मिनिट उघडेनात, मग एकदम उघडत, आणि फोटो अगदी चांगला निघे. पोरानं आधी उन्हाला दोष दिला, मग संगणकाला, मग वायरला. शेवटी बाजारातल्या संगणकाच्या दुकानातून एका मुलीला बोलावलं. ती गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, आयटीआय करून दुकानात लागलेली. दुरुस्तीच्या कामात तिचा हात चांगला म्हणून शहरात तिचं नाव होतं.

तिनं दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉप जोडला आणि वाचत बसली.

“का म्हणते डबा?” गुरुजींनी विचारलं.

“डबा बरा आहे म्हणतो, सर. पण डब्याले विचारून कळत नाही. आठही जणींना एकेक करून विचारावं लागते.”

“एखादी बिघडली असती तं दिवा लाल झाला असता ना?”

“मेली असती तं झाला असता. आजारी आहे तवर हिरवाच राहते. बाकीच्या सात जणी तिचं काम सांभाळून घेतात न जी, म्हणून तं फोटो अजून दिसून राहिले.”

या उत्तरात सगळी गोष्ट आहे, म्हणून इथं जरा थांबून सांगतो. डिस्कच्या तबकडीवरची एखादी जागा वाचता येईनाशी झाली, तर डिस्क लगेच हार मानत नाही. पुन्हा पुन्हा वाचून पाहते. अशा डब्यांसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंद झटतात आणि मग ‘जमत नाही’ असं कळवतात. घरगुती संगणकाच्या डिस्क त्याहून खूप जास्त वेळ झटत राहतात. डिस्कनं हात टेकले की डबा उरलेल्या डिस्ककडून हिशेब मागवतो, हरवलेला तुकडा नव्यानं काढतो आणि फोटो पुरा करून दाखवतो. फोटो पाहणाऱ्याला फक्त उशीर जाणवतो. दुबळ्याला सांभाळून घेणं हा या मांडणीचा मोठा गुण, आणि त्या गुणामुळेच दुबळा कोण ते बाहेरून दिसत नाही.

मुलीनं आधी वेळ मोजला. सात डिस्क मागितलेला तुकडा दहा-बारा मिलिसेकंदांत देत होत्या. तिसरी कधी तेवढ्यातच देई, कधी अर्धा सेकंद घेई, कधी पुरे सात. एकटीकडे पाहिलं असतं तर ‘थोडी संथ आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. एकाच खोक्यातल्या, तेवढंच काम करणाऱ्या सात बहिणींच्या शेजारी ठेवून पाहिलं म्हणून तिचं मागे पडणं कळलं.

मग तिनं प्रत्येक डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद उघडली. या नोंदीला ‘स्मार्ट’ म्हणतात. गेली पंचवीसहून अधिक वर्षं प्रत्येक हार्ड डिस्क ती ठेवत आली आहे. त्यात शेवटी एक निकालही असतो, ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’. आठही डिस्क उत्तीर्ण होत्या. मुलीनं निकालाकडे दुर्लक्ष केलं, कारण कंपन्या उत्तीर्ण होण्याची रेघ फार खाली ओढतात, आणि अनेक डिस्क मरेपर्यंत उत्तीर्ण राहतात. तिनं आतले आकडे वहीत उतरवले.

तिघींचे आकडे शून्याहून वेगळे होते. पाचवीच्या १९९ क्रमांकाच्या रकान्यात दोनशेच्या वर आकडा. सहावीच्या ५ क्रमांकाच्या रकान्यात ८. तिसरीच्या १९७ क्रमांकाच्या रकान्यात १६.

निवृत्त गार्डसाहेब मंडळींचे खजिनदार होते. वहीत डोकावून ते म्हणाले, “दोनशेवाली काढून टाका. सगळ्यात खराब तीच दिसते.”

आठवड्याभराच्या घाईत कुणी एकानं हे ऐकून पाचवी डिस्क बाहेर ओढली असती, तर गोष्ट इथंच संपली असती. एका मृत्यूची सोय असलेल्या डब्यातून धडधाकट डिस्क काढायची, म्हणजे आजारी तिसरीच्या भरवशावर सगळं सोडायचं. अशा रीतीनं बुडालेले संग्रह कमी नाहीत.

मुलगी म्हणाली, “काकाजी, आकडा मोठा म्हणून आजार मोठा असं नाही. हा १९९ वाला आकडा डिस्कचा नाही जी, वाटेचा आहे. डिस्क ठीक वाचते, पण डब्यापर्यंत येता येता अक्षरं बिघडतात. खाचेत नीट बसली नसेल, नाही तं तिथल्या जोडात धूळ असेल. सहावीचं म्हणाल तं तिनं आठ जागा खराब म्हणून सोडल्या, त्यांच्या बदल्यात राखीव जागा घेतल्या. वाढत नसेल तं राहू द्या. अन् तिसरीच्या सोळा जागा अशा आहेत की त्या वाचताही येत नाहीत, अन् सोडताही येत नाहीत. हिचंच मले भेव आहे.”

“सोळाच तं आहेत,” गुरुजी म्हणाले. चार टेराबाइटच्या डिस्कमध्ये अशा जागा कोट्यवधी असतात, त्यातल्या सोळा. त्यांच्या म्हणण्यात चूक काढता आली नसती.

“चार दिवसांनी पुन्हा पाहू,” ती म्हणाली. “तवर कोणी डब्याले हात लावू नका.”

त्या चार दिवसांत गुरुजींनी मंडळींची बैठक बोलावली. गार्डसाहेबांनी हिशेब मांडला: एका डिस्कच्या पैशात मोजणीच्या दोन्ही गाड्यांचं पेट्रोल निघतं. दिवा हिरवा, निकाल उत्तीर्ण, फोटो उघडतात, मग खर्च कशाचा? मोजणी झाल्यावर पाहू. बहुतेकांनी मान डोलावली.

बैठकीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी आले होते. बल्लारशाच्या गाडीनं पहाटेच उतरले होते. जातीनं कोहळी. या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधण्यात कोहळ्यांचा हात. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं परंपरा सांगते. म्हाताऱ्यांचे वडील गावच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे तलाव राखायचा आणि पाणी वाटायचं काम त्यांच्याकडे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. पाणकरकी पुढंही काही वर्षं गावानं चालवली. म्हातारे सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

“पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला का सारं गाव सांडव्याकडं पाहायले जाय. पाणी पडते कसं, केवढा आवाज. माझा बाप तिकडं जायचा नाही. तो पारीच्या मागच्या अंगानं चालायचा, जिथं कोणी जात नाही तिथं. अनवाणी. ओल पायाले लागली का थांबायचा. खेकड्याचं बीळ आहे का पाहायचा. झिरपा दिसला का ओंजळीत पाणी घ्यायचा. पाणी निवळ असलं तं खूण करून ठेवायचा, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा. गढूळ असलं तं रातोरात गाव उठवायचा. गढूळ म्हणजे पारीची माती पाण्यासंगं चालली. झिरपा करंगळीएवढाच राहते जी. पण माती चालली म्हणजे चालली.”

थोडं थांबून ते म्हणाले, “ते पोरगी आपल्याले तेच सांगून राहिली. पाणी निवळ का गढूळ, ते दुसऱ्या दिवशी कळते.”

गार्डसाहेबांनी पेट्रोलचा कागद घडी घालून खिशात ठेवला. निर्णय मात्र चौथ्या दिवसावर ठेवला, आणि ते योग्यच होतं.

चौथ्या दिवशी सहावीचा आकडा ८ होता, तसाच. पाचवीचा दोनशेच्या घरात, दोन-चारांनी वाढलेला. तिसरीचा १६ वरून ५६ वर गेला होता.

“गढूळ,” म्हातारे म्हणाले.

इथं दुसरी कुणी असती तर लगेच तिसरी काढून नवी बसवली असती. डब्याच्या पुस्तिकेतही तेवढंच लिहिलेलं असतं. मुलीनं तसं केलं नाही, आणि माझ्या मते तिचं खरं शहाणपण इथं दिसलं. डिस्क शोधून काढणं हे अर्धं काम. तिला कोणत्या क्रमानं हात लावायचा हे उरलेलं अर्धं.

नवी डिस्क बसवली की डबा उरलेल्या सातही डिस्क पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत वाचतो आणि हिशेबानं आठवी भरतो. म्हणजे २८ टेराबाइटचं वाचन. अनेक स्वस्त डिस्कच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं की, १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना फार तर एक जागा वाचता न येण्याची शक्यता आहे. हे अंतर साडेबारा टेराबाइटचं होतं. कागदाच्या हिशेबानं २८ टेराबाइटमध्ये अशा दोन जागा लागू शकतात. प्रत्यक्षात बहुतेक डिस्क कागदापेक्षा बऱ्या निघतात, पण सारसाचा पुरावा कुणी ‘बहुतेक’वर सोडू नये. तिसरी काढल्यावर उरलेल्या सातांपैकी एखादीनं एक जागा जरी नाकारली, तरी तिथला हिशेब जुळवायला कुणी उरत नाही.

आणि अशी जागा आधीपासून लपलेली असू शकते. ज्या फोटोला वर्षानुवर्षं कुणी उघडलं नाही, त्याच्या खालची जागा खराब झाली तरी डिस्कला ते कळत नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नसतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कवर ३२ महिने नजर ठेवली होती. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कमध्ये अशा लपलेल्या चुका सापडल्या.

म्हणून तिनं सांगितलेला क्रम असा होता. सगळ्यांत आधी स्लाइडचे स्कॅन आणि घरट्यांच्या नोंदी वेगळ्या डिस्कवर उतरवायच्या, आणि ती डिस्क म्हाताऱ्यांनी आपल्या गावी न्यायची. मग डबा रीतसर बंद करून पाचवी डिस्क काढून, जोड पुसून नीट बसवायची. मग डबा सुरू करून आठही डिस्कची जागा न् जागा वाचून हिशेब ताडून घ्यायचा. याला ‘स्क्रब’ म्हणतात. तिसरीला हात सगळ्यात शेवटी.

उतरवण्यात दोन दिवस गेले. तिसरी कण्हत होती, तरी देत होती. पाचवी बसवल्यावर तिचा आकडा जिथं होता तिथंच थांबला. गार्डसाहेब तो आकडा रोज स्वतः पाहायला येऊ लागले.

मग स्क्रब सुरू झाला. रात्रभर चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. दुपारी नोंद उमटली. तिसरीच्या आणखी काही जागा वाचता आल्या नव्हत्या, ते अपेक्षितच होतं. पण सातवीचीही एक जागा वाचता आली नव्हती. सातवी, जिच्या प्रत्येक रकान्यात तोवर शून्य होतं, जिच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

डब्यानं त्या जागेचा तुकडा उरलेल्या सात जणींकडून मागवला. तिसरीनं आपला वाटा दिला. तिच्या तबकडीवर नेमकी ती जागा अजून शाबूत होती. हिशेब जुळला, तुकडा नव्यानं निघाला, डब्यानं तो सातवीवर पुन्हा लिहिला आणि सातवी पुन्हा पुरी झाली.

गुरुजी खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, “तिसरी आपण मोजणीनंतर पाहू म्हणून ठेवली असती, अन् ती मधेच मेली असती तं?”

“तं सातवीचा तेवढा तुकडा गेला असता, सर. अन् नवी डिस्क भरता भरता डबा तिथंच अडला असता. काही डबे तं अशा वेळी सगळंच सोडून देतात.”

“कोणता फोटो होता तिथं?”

“ते मले सांगता येत नाही. सांगायची पाळीही आली नाही.”

तिसरी डिस्क काढण्यापूर्वी मुलीनं आठही डिस्कचे अनुक्रमांक वहीत लिहिले, डब्यातली जागा आणि क्रमांक दोनदा ताडून पाहिले, पोराकडून मोठ्यानं वाचून घेतले आणि मगच खटका दाबला. नवी डिस्क तिनं मुद्दाम दुसऱ्या खोक्यातली आणली होती. एकाच खोक्यातल्या डिस्क एकाच वयाच्या असतात, सारखंच ऊन आणि सारखेच विजेचे धक्के खातात, आणि एकीमागून एक जाऊ शकतात. डबा भरायला दिवसाहून जास्त वेळ लागला. त्या वेळात दिवा पिवळा होता. मग पुन्हा हिरवा झाला, आधी होता तसाच.

आता पोराबद्दल. जुन्या नोंदी वाचताना मुलीला दिसलं होतं की फेब्रुवारीत डब्यानं एकदा बारीक शिट्टी वाजवली होती: ‘तिसरी डिस्क, वाचनात चूक, दुरुस्त केली.’ कुणीतरी ती शिट्टी बंद केली होती आणि पुन्हा वाजू नये अशी व्यवस्थाही केली होती. तिनं हे बैठकीत सांगितलं नाही, पोराला एकट्याला विचारलं. पोरगा रडवेला झाला. आदल्या पावसाळ्यात रात्री वीज गेल्यावर डबा असाच वाजला होता. त्यानं घाबरून सगळ्यांना फोन केले होते, आणि काही निघालं नाही म्हणून गुरुजी चारचौघांत त्याला बोलले होते, “उगाच लोकांच्या झोपा मोडतोस.” फेब्रुवारीत वाजलं तेव्हा त्याला ते शब्द आठवले.

पोरगा स्वतःच जाऊन गुरुजींना हे बोलला. गुरुजींनी चाळीस वर्षं शाळा चालवली होती. ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, “शिट्टी याने बंद नाही केली, मी केली. खोटी हाक दिली म्हणून जो बोलणी खातो, तो खरी हाक द्यायले धजत नाही. आता रात्री दोनलेही फोन आला तं चालेल. काही नाही निघालं तं चहा पिऊ अन् झोपू.”

मला या गोष्टीत डिस्कइतकाच हा प्रसंग मोलाचा वाटतो. यंत्रानं हाक दिली होती, अगदी वेळेवर दिली होती. ती दाबली गेली माणसांच्या एकमेकांशी वागण्यात. दवाखाना असो, बँक असो, तलावाची पार असो, पहिला झिरपा बहुधा सर्वांत लहान माणसाला दिसतो, आणि त्याला तो सांगायची हिंमत होते की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

मुलीनं जाताना पोराला वही आखून दिली. दर डिस्कला एक पान. दर पानावर तारीख, वाचनाचा वेळ, ५, १८७, १८८, १९७, १९८ आणि १९९ या क्रमांकांचे आकडे, आणि शेवटचा रकाना मागच्या खेपेपासूनच्या फरकाचा. हा शेवटचा रकाना तिनं लाल पेनानं आखला. महिन्यातून एकदा पूर्ण स्क्रब, महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्कची लांब चाचणी, आणि दोन्ही एकाच रात्री नाही. इशारा एकट्या पोराच्या नव्हे, तिघांच्या फोनवर. शिट्टी पुन्हा सुरू.

“एवढं केलं म्हणजे पुन्हा कधी फसगत नाही ना?” गार्डसाहेबांनी विचारलं.

तिनं खोटा दिलासा दिला नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःची तपासणी करताना डिस्कला पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे पहिली चूक सापडताच धावायला हवं. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की मेलेल्या डिस्कपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक डिस्कनी या नोंदींत मरणाआधी कसलीच खूण दिली नव्हती. मुलगी म्हणाली, “काकाजी, काही जणी न सांगताच जातात. म्हणून डबा किती चांगला असला तरी दुसऱ्या गावी एक प्रत लागतेच. डब्यातल्या आठही डिस्कवर वीज पडली तं वहीचा का उपयोग?”

म्हाताऱ्यांच्या घरी धान्याच्या कोठीशेजारच्या लोखंडी पेटीत ती प्रत आता असते. दर तीन महिन्यांनी ते गाडीनं ती आणतात, पोरगा तिच्यात नवे फोटो भरतो, चार-सहा जुने उघडून पाहतो, आणि म्हातारे संध्याकाळच्या गाडीनं ती परत नेतात. त्या जूनमध्ये मोजणी वेळेवर झाली. गाड्यांना पेट्रोल कमी पडलं, म्हणून गार्डसाहेब आणि कॉलेजची पोरं जवळच्या तलावांवर सायकलनं गेली. जुन्या घरट्यांची यादी गावनिहाय पुरी झाली.

तिसरी डिस्क मुलीनं दुकानात नेऊन तपासली. चार दिवस वाचत राहिली, पाचव्या दिवशी फिरायची थांबली.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यांत असे डबे आता खूप झाले आहेत. शाळेत, पतसंस्थेत, सोनोग्राफीच्या केंद्रात, लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या दुकानात, गावच्या वाचनालयात. तुमच्या ओळखीचा असा एखादा डबा असेल, तर या आठवड्यात त्याच्या एकेका डिस्कची नोंद उघडायला लावा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा उघडायला लावा आणि फरक काढा. आणि ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी नाही, ते आजच उतरवून घ्या.